वेळ हेच औषध

काशीतील ब्रह्माघाट आणि दुर्गाघाट म्हणजे मराठी माणसांची जुनी वस्ती. तेथील एका वाड्यात माझे काका राहत. २०११ सालच्या माघातील एका पहाटे गंगास्नान करून ते परतले, आणि विष्णुसहस्रनाम म्हणता म्हणता त्यांची वाचा अडखळली. ओठ एका बाजूस ओघळला. उजव्या हातातील तांब्या गळून पडला.

आम्हांस वाटले, थंडी बाधली. कोणी मस्तकावर ब्राह्मी तेल चोळले, कोणी सुंठेचा काढा पाजला. दुपारी त्यांना खुर्चीत बसवून, गाडी न शिरणाऱ्या त्या गल्ल्यांतून आम्ही रस्त्यापर्यंत नेले. डॉक्टरांचा पहिला प्रश्न होता, "हे कितीला सुरू झाले?" सकाळचे सहा; आणि आता दोन वाजले होते. रक्ताची गुठळी विरघळविण्याचे औषध साडेचार तासांच्या आत द्यावे लागते. ती वेळ आम्ही घरातच घालविली होती.

"मग निदान मेंदूचे रक्षण करील असे एखादे औषध?" मी काकुळतीने विचारले. डॉक्टरांनी समजावून सांगितले ते असे : रक्त तुटले की मेंदूच्या गाभ्यातील पेशी लवकर मरतात, भोवतालच्या काही काळ तग धरून असतात. त्यांना जगविण्यासाठी शेकडो द्रव्ये प्रयोगशाळेत तपासली गेली. प्राण्यांत गुण आला, माणसांत टिकला नाही. आपल्याकडे सर्रास दिले जाणारे सिटिकोलीनही पुढे २०१२ सालच्या मोठ्या चाचणीत औषधरहित मात्रेहून सरस ठरले नाही. जपानने २००१ साली एडाराव्होनला मान्यता दिली. तथापि जगभर सर्वमान्य झालेले असे औषध अद्याप नाही. उलट मोठी रक्तवाहिनी बंद झाल्यास दर मिनिटास सुमारे १९ लाख चेतापेशी नष्ट होतात, असे गणित २००६ साली मांडले गेले आहे.

काका त्यानंतर चार वर्षे जगले. सहस्रनाम ऐकताना त्यांचे डोळे भरून येत. शब्द मात्र उमटत नसे.

म्हणून आपणांस एवढीच विनंती. तोंड वाकडे झाले, हात लुळा पडला, वा वाचा अडखळली, तर प्रथम घड्याळ पाहा. तोंडावाटे काहीही देऊ नका. घास वा घोट श्वासनलिकेत जाण्याचा धोका असतो. जेथे मेंदूचे सी.टी. स्कॅन होते, असे रुग्णालय आजच हेरून ठेवा आणि रुग्णास तडक तेथे न्या. जे औषध शास्त्रज्ञांना अजून गवसले नाही, त्याच्या जागी वेळ तेवढी आपल्या हाती आहे.