ऐंशी चौरस फूट

२ सप्टेंबर
करारावर सही केली. कोलंबसपासून तासाभरावर, रूट ४०च्या कडेला जुन्या गोदामात हा अँटिक मॉल आहे. आठ बाय दहाचा बूथ, चौरस फुटाला सव्वादोन डॉलर, म्हणजे महिना १८० डॉलर भाडं. शिवाय विक्रीवर दहा टक्के कमिशन. सहा महिने बांधील. दुकानात आपण बसायचं नाही, हे यातलं मोठं सुख. गल्ला एकच, दाराशी. टॅगवरचा डीलर नंबर बघून ज्याचे त्याच्या खात्यात पैसे पडतात, सेल्स टॅक्स मॉल भरतो, महिनाअखेर चेक. रात्री हिशेब मांडला. माल विकायच्या किमतीच्या एक तृतीयांशात मिळाला, असं धरलं तरी ३२० डॉलरची विक्री होईपर्यंत हाती छदामही नाही. पेट्रोल त्यात धरलेलंच नाही.

५ सप्टेंबर
मांडामांड. मॉलच्या मालकीणबाईंनी पहिला धडा टॅगचा दिला. नुसतं ‘बाउल, १२ डॉलर’ लिहायचं नाही. ‘हिरवा काचेचा बाउल, काठाला टवका’ असं सविस्तर लिहायचं. नाहीतर गिऱ्हाईक दोऱ्याचे टॅग अदलाबदल करतं आणि चाळीसची वस्तू बाराला दाराबाहेर जाते. खिशात मावेल ते सगळं कुलपाच्या शोकेसमध्ये. शोकेसमधल्या फळीचं भाडं वेगळं, हे ओघानं आलंच.

१४ सप्टेंबर
इस्टेट सेल. एखादं म्हातारं माणूस गेलं की घरातलं सगळं, अगदी शिवणाच्या डब्यातल्या बटणांसकट, विकायला काढतात. पहाटेपासून रांग, हातात नंबराच्या चिठ्ठ्या. शेवटच्या दिवशी निम्मी किंमत, पण तोवर चांगलं काही उरत नाही. मी डिप्रेशन ग्लासच्या हिरव्या बश्या उचलल्या. १९३०च्या आसपासच्या मंदीतली ही यंत्रावर घडवलेली स्वस्त काच. यातली पुष्कळशी इथून जवळच्या लँकेस्टरला, हॉकिंगच्या कारखान्यात झाली. तेव्हा ओटच्या डब्यातून कप निघायचे, सिनेमाच्या तिकिटावर बशी फुकट मिळायची. आपल्याकडे बोहारणीनं जुन्या साड्यांवर पातेली दिली, तसाच हा व्यवहार. हिरव्यातल्या काही काचेत युरेनियम असतं. जांभळ्या टॉर्चखाली ती पोपटी चमकते. हल्ली कॉलेजची पोरं टॉर्च घेऊनच मॉलमध्ये शिरतात, म्हणून चमकणाऱ्या बश्यांच्या टॅगवर तसं ठळक लिहिलं.

२८ सप्टेंबर
आईचा फोन. “एवढी शिकलीस आणि आता भंगार विकतेस होय गं?” मग दोन मिनिटांनी, “माळ्यावर आजीचा पानाचा डबा आहे, पाठवू का?” तिला १९७२चा पुरावशेष कायदा सांगितला: शंभर वर्षांपुढची अशी वस्तू खासगी माणसाला देशाबाहेर पाठवता येत नाही. “मग नव्वदच वर्षांचा आहे म्हणू,” म्हणाली. नको म्हटलं. आणि शंभर पुरी नसली तरी, त्या डब्याला डीलर नंबर लावायची माझी तयारी नाही.

१९ ऑक्टोबर
शेजारच्या गल्लीत टॅग बांधत होते. माझ्या बूथमध्ये सत्तरीच्या एक बाई पायरेक्सच्या बाउलांसमोर थबकल्या. पिवळा, हिरवा, लाल, निळा, एकात एक बसणारे चार; १९४५पासूनचा प्रसिद्ध संच. बाई नवऱ्याला सांगत होत्या, पिवळ्यात बटाट्याचं सॅलड, लाल कोणी फोडला, आई कशी ओरडली. घासाघीस न करता संच घेऊन गेल्या. वरच्या फळीवरची माझी इंग्रजी ताटली मात्र तशीच राहिली. तिच्या पाठीवर नुसतं ‘इंग्लंड’ छापलंय. इथल्या १८९०च्या जकात कायद्यानं आयात मालावर देशाचं नाव घालणं सक्तीचं झालं, त्यानंतरची ती. वयानं पायरेक्सची आजीही असू शकेल. पण ती कोणाच्या स्वयंपाकघरात नव्हती. आजी-आजोबांच्या अवजड शिसवी-महोगनी कपाटांचंही तेच. त्यांचे भाव पडलेत, कारण ती आठवणारी माणसं आता घरं लहान करताहेत. मला इथलं लहानपण नाही. दुसऱ्यांचं पाठ करायचं, तर गल्लीत उभं राहून ऐकणं हीच माझी शिकवणी.

८ नोव्हेंबर
प्रत्येक बूथमध्ये मुरादाबादी पितळ असतंच: कोरीव फुलदाण्या, घंटा, बुडाशी ‘मेड इन इंडिया’. १९६०-७०च्या दशकांत ढिगानं आलं, म्हणून भाव नाही. आज मात्र एका शोकेसमध्ये अडकित्ता दिसला. टॅगवर ‘नटक्रॅकर’, ४५ डॉलर. काउंटरवरच्या मुलाला सुपारी कशी कातरतात ते हवेत करून दाखवलं. तो म्हणाला, “अक्रोड फुटेल ना?” म्हटलं, फुटणार नाही. टॅग त्यानं बदलला नाही. डीलरला विचारावं लागतं.

३० नोव्हेंबर
चेक आला. वीस डॉलरवरच्या वस्तूला दहा टक्के सूट हा इथला रिवाज, ती वजा, कमिशन वजा, भाडं वजा: उरले एकसष्ट डॉलर. माल बहुतेक काचेचाच गेला. न खपलेल्या टेबलानं बारा चौरस फूट अडवलेत, म्हणजे महिना २७ डॉलर ते एकटं खातंय. उद्या त्यावर निम्मी किंमत लावते आणि तिथे पायरेक्ससाठी उभी फडताळं. ताटली राहू दे. ती मला आवडते.