नाव राहिलं, बाई!

मुलांनो, भर स्नेहसंमेलनात एखाद्या मुलीनं बाईंची चूक दाखवून दिली, तर बाईंना काय वाटत असेल? मी सांगते. आधी राग येतो. मग घरी गेल्यावर झोप येत नाही.

आमची शाळा छोटी. गेल्या वर्षी चौथीच्या मुलींनी एक लोकगीत बसवलं होतं. गाणारी मुलगी गोड गळ्याची. तिच्यामागे हलगी वाजवायला वर्गातलाच एक मुलगा होता. हा एरवी शेवटच्या ओळीत बसायचा. वाचताना जोडाक्षर आलं की त्याची गाडी अडायची. पण हलगी हातात घेतली की बघत राहावं! आजोबांचं ऐकून ऐकून तो शिकला होता. गाणारी मुलगी सुरुवातीला फार घाई करायची. हा नुसता मान हलवायचा आणि पुन्हा पहिल्यापासून ठेका धरायचा. चार दिवसांत तिचं गाणं तालावर आलं.

कार्यक्रमाच्या दिवशी सूत्रसंचालन माझ्याकडे होतं. मी गायिकेचं नाव घेतलं, नाचणाऱ्या आठ जणींची नावं घेतली, साड्या नेसवणाऱ्या आयांचे आभार मानले, मांडववाल्यांचेही मानले. गायिकेला बक्षीस मिळालं. ते हातात घेऊन ती सरळ माइककडे आली आणि म्हणाली, “नाव राहिलं, बाई. हलगी यानं वाजवली. ठेकापण यानंच शिकवला मला.” आणि त्याला शर्टाची बाही धरून तिनं पुढे ओढलं.

लोक हसले. मग टाळ्या वाजल्या. मीही हसले, पण मनातून चिडले होते. सगळ्या गावासमोर मला बोलली म्हणजे काय?

कार्यक्रमाला माझा भाचा आला होता. कॉलेजात शिकतो, गिटार वाजवतो. रात्री जेवताना मी तक्रार केली, तर म्हणाला, “मावशी, थांब. तुला एक जुनी गंमत दाखवतो.” आणि त्यानं मोबाइलवर काळी-पांढरी चित्रफीत लावली.

ती होती 1965 सालची. अमेरिकेत ‘शिंडिग’ नावाचा दूरदर्शन कार्यक्रम होता. तरुण मुलं त्यासाठी वेडी असत. मे 1965 मध्ये त्यात पाहुणे होते ‘रोलिंग स्टोन्स’. इंग्लंडच्या या रॉक वाद्यवृंदाचं नाव तुमच्या आईबाबांनी ऐकलं असेल. मिक जॅगर हा त्यांचा गायक. तेव्हा अवघ्या 21 वर्षांचा, पण जिथे जाईल तिथे गर्दी! या पोरांनी कार्यक्रमाला येताना एक अट घातली होती : आम्ही ज्यांच्याकडून शिकलो, त्यांनाही बोलवा. सूत्रसंचालक गप्पा मारत होता, तेव्हा त्यांच्यातला ब्रायन जोन्स म्हणाला की, आता आपण गप्प बसू आणि त्यांचं गाणं ऐकू. मग मंचावर आले चोपन्न वर्षांचे, धिप्पाड, काळे गायक. नाव हाऊलिन वुल्फ, म्हणजे ओरडणारा लांडगा! आणि हे जगप्रसिद्ध तरुण कुठे बसले असतील? खाली, मंचावरच, त्यांच्या पायांशी!

“यात काय विशेष?” असं मला आधी वाटलं. भाच्यानं सांगितलं, ते ऐका.

वुल्फ यांचं खरं नाव चेस्टर बर्नेट. जन्म 1910 चा, मिसिसिपी राज्यातला. आजोबा लांडग्यांच्या गोष्टी सांगून भीती घालत, त्यावरून हे टोपणनाव पडलं. लहानपण फार हालाचं गेलं. कापसाच्या मुलखात त्यांनी शेतात राबत गाणं शिकलं. त्या काळी अमेरिकेत काळ्या माणसांना गोऱ्यांच्या शाळेत, उपाहारगृहात जागा नसे. मिसिसिपीत त्यांना मत देणंही अवघड करून ठेवलं होतं. त्यांचं ‘ब्लूज’ संगीतही वेगळं ठेवलेलं. काळ्यांच्या वस्तीत वुल्फ यांना मोठा मान होता, पण गोऱ्या घरांतल्या बहुतेक मुलांना त्यांचं नावही ठाऊक नव्हतं. गंमत बघा, तीच मुलं स्टोन्सची गाणी मात्र डोक्यावर घेत होती. स्टोन्सचं 1964 साली इंग्लंडात पहिल्या क्रमांकावर गेलेलं ‘लिट्ल रेड रूस्टर’ हे गाणं विली डिक्सननं लिहिलेलं आणि 1961 साली वुल्फ यांनी गायिलेलं होतं!

म्हणजे टाळ्या यांना मिळत होत्या आणि ठेका त्यांचा होता. स्टोन्सना गप्प बसता आलं असतं. पैसा मिळत होता, नाव मिळत होतं, कुणी विचारायला येणार नव्हतं. तरी त्यांनी सगळ्या देशासमोर सांगितलं : नाव राहिलं.

पुढे 1970 साली वुल्फ लंडनला ध्वनिमुद्रणासाठी गेले. एरिक क्लॅप्टन हा नामवंत गिटारवादक त्यांच्या साथीला होता. पण वुल्फ यांचा जुना साथीदार ह्युबर्ट समलिन याला आणायलाच हवं, असा त्यानं हट्ट धरला. मागे उभं राहून वाजवणाऱ्यालाही नाव असतं, बरं का!

मी गप्प झाले. शेवटी भाचा म्हणाला, “आणि मावशी, या वुल्फना कित्येक वर्षं नीट लिहिता-वाचता येत नव्हतं. चाळिशी उलटल्यावर ते रात्रशाळेत गेले. हिशेब शिकले.”

इथे मात्र मला माझीच चूक कळली. मी त्या मुलाचं नाव विसरले नव्हते. ते मला आठवायचंच सुचलं नव्हतं. वाचता येत नाही म्हणजे काहीच येत नाही, असं माझ्या मनानं परस्पर ठरवून टाकलं होतं. दहा वर्षं शिकवते आहे मी! डी.एड.ला असताना ‘प्रत्येक मूल वेगळं असतं’ यावर चांगलं पानभर उत्तर लिहिलं होतं.

सोमवारी मी वर्गात सांगितलं, “शनिवारी बाई चुकल्या.” मुलं एकमेकांकडे बघायला लागली. मी फळ्यावर कार्यक्रमाची सगळी नावं लिहिली, एक ओळ मोकळी सोडली आणि खडू त्या मुलाच्या हातात दिला. “हलगीवादक कोण? लिही.”

त्याच्या आडनावात नेमकं जोडाक्षर आहे! त्यानं लिहिलं, पुसलं. पुन्हा लिहिलं, पुन्हा पुसलं. कुणीतरी सांगायला लागलं, तर ती गाणारी मुलगीच म्हणाली, “थांबा रे, त्याचं त्याला लिहू दे.” तिसऱ्या खेपेला बरोबर आलं.

तो काही लगेच हुशार झाला नाही. वाचताना अजून अडखळतो. पण आता पुस्तक उघडतो, आणि जोडाक्षर आलं की बाकावर बोटांनी ठेका धरत फोड करतो. मला ही युक्ती कुठल्या पुस्तकात सापडली नव्हती. मी ती दुसरीच्या वर्गातही वापरते. कुणी विचारलं, तर कुणाची ते सांगते.

तुमच्या शाळेतही लवकरच संमेलन होईल. टाळ्या वाजल्या की एकदा मागे वळून बघा. कुणाचं नाव राहिलं असेल तर सांगा. बाई रागावतील थोड्या. रागावू द्या.