घरात कुणालाच संस्कृत येत नसताना नववी-दहावीच्या मुलाला मदत कशी करायची?



सातवीचा निकाल लागला की आपल्याकडे सोसायटीच्या जिन्यात एक प्रश्न हमखास ऐकू येतो, "संपूर्ण घेणार की संयुक्त?" ठाणे असो, कल्याण असो की डोंबिवली, प्रश्न तोच. ज्यांची मुलं अजून लहान आहेत त्यांच्यासाठी सांगते. संपूर्ण म्हणजे १०० गुणांचं संस्कृत. संयुक्त म्हणजे ५० गुणांचं हिंदी आणि ५० गुणांचं संस्कृत. आणि निवडीचं कारण विचारलं तर दहापैकी नऊ पालक सांगतात, "स्कोअरिंग आहे हो."

हे कारण खोटं नाही. मराठी-इंग्रजीच्या निबंधात गुण कुठे गेले ते कळत नाही, संस्कृतमध्ये मात्र रूप बरोबर असलं की पूर्ण गुण. दहावीला ८० गुण लेखी आणि २० गुण अंतर्गत मूल्यमापनाचे. शिवाय टक्केवारी 'बेस्ट ऑफ फाइव्ह'वर काढली जाते, त्यामुळे एका विषयात नव्वदच्या पुढे गेलं की निकालच वर उचलला जातो. पण गुणांसाठी घेतलेल्या भाषेला घरात दुसरा आधार नसतो. आठवी कशीबशी पाठांतरावर निघते. नववीत दिवाळीच्या आसपास गाडी अडते, आणि मग वाक्य येतं, "आई, मी संस्कृत सोडतो."

मी प्राथमिक शिक्षिका. डी.एड. झालेली. हायस्कूलच्या संस्कृतवर मी काय बोलणार, असं कुणालाही वाटेल. पण गेल्या वर्षी आमच्या शेजारचा नववीतला मुलगा चाचणीत २० पैकी ७ गुण घेऊन माझ्याकडे आला. त्याला शिकवताना माझ्या लक्षात आलं की त्याची अडचण मोठ्या वर्गाची नव्हतीच. वाचन, शब्द ओळखणं, वाक्याला प्रश्न विचारणं, म्हणजे आपण दुसरी-तिसरीला जे रोज करून घेतो तेच कच्चं होतं. ते आपण सगळे करून घेऊ शकतो, पालकसुद्धा.

आधी मोठ्याने वाचून घ्या

मुलाला पुस्तक उघडायला सांगा आणि कुठलाही परिच्छेद मोठ्याने वाचायला लावा. अर्थ विचारू नका. जिथे मूल अडखळतं तिथेच बहुतेक वेळा अर्थही तुटलेला असतो.

यात एक गंमत आहे. 'वनम्' लिहिताना आपली मुलं पाय मोडायला विसरतात आणि 'वनम' लिहितात. आपण त्याला निष्काळजीपणा म्हणतो. तो निष्काळजीपणा नाही, ते मराठी कान आहेत. मराठीत शब्दाच्या शेवटचा 'अ' आपण उच्चारतच नाही. लिहितो 'राम', म्हणतो 'राम्'. त्यामुळे 'म' आणि 'म्' यांतला फरक मुलाला ऐकूच येत नाही. संस्कृतमध्ये शेवटचा 'अ' पूर्ण म्हणायचा असतो. 'हे देव' म्हणताना 'व' पूर्ण म्हणा, 'वनम्' म्हणताना ओठ मिटा. आठवडाभर असं वाचून घेतलं की वहीतल्या पाय मोडायच्या चुका कमी होतात. लाल पेनाने शंभर वेळा गोल करण्यापेक्षा हे सोपं आहे.

चोवीस रूपं प्रत्यक्षात सतरा आहेत

'देव' शब्द चालवायचा म्हटलं की मुलांच्या पोटात गोळा येतो. आठ ओळी, तीन वचनं, २४ रूपं. आता मुलाला सांगा, तक्ता पाठ करायच्या आधी त्यात सारखी दिसणारी रूपं एका रंगाने रंगव. द्विवचनाच्या आठ घरांत फक्त तीनच रूपं आहेत: देवौ, देवाभ्याम्, देवयोः. अनेकवचनात देवेभ्यः दोनदा येतं, देवाः दोनदा येतं. सगळं मोजलं तर वेगळी रूपं भरतात १७. हे मुलाने स्वतः मोजायचं, आपण सांगायचं नाही. आमच्या शेजारच्या मुलाने मोजलं तेव्हा तो म्हणाला, "काकू, मग सात फुकट!" पुढचे शब्द तो आपणहूनच रंगवायला लागला.

विभक्तीची नावं तर मुलाला आधीपासून माहीत असतात. प्रथमा, द्वितीया, तृतीया ही मराठी व्याकरणातलीच नावं. मराठीच्या तासाला 'ने', 'शी' म्हणजे तृतीया आणि 'ऊन', 'हून' म्हणजे पंचमी हे त्याने शिकलेलं असतं. फक्त मराठीच्या वहीतली विभक्ती आणि संस्कृतच्या वहीतली विभक्ती एकच आहे, हे त्याला कुणी दाखवलेलं नसतं. दोन्ही वह्या शेजारी ठेवा आणि 'घराहून - गृहात्', 'मुलाने - बालकेन' अशा जोड्या लावा. नवीन आहे ते फक्त द्विवचन. तेवढं मराठीत नाही.

मराठी मुलाकडे असलेली चावी

ही गोष्ट सगळ्या पालकांनी नीट वाचावी. खालच्या तीन जोड्या बघा.

मुलाने लेख लिहिला. बालकेन लेखः लिखितः।
मुलाने कथा लिहिली. बालकेन कथा लिखिता।
मुलाने पत्र लिहिले. बालकेन पत्रं लिखितम्।

लिहिला, लिहिली, लिहिले. लिखितः, लिखिता, लिखितम्. दोन्हीकडे करणारा तृतीयेत आणि क्रियापद मात्र कर्माच्या मागे चालतं. इंग्रजी माध्यमातल्या मुलांना कर्मणि रचना म्हणजे उलटं करायचं वाक्य वाटतं. मराठी बोलणारं मूल तीन वर्षांचं असल्यापासून "मी दूध प्यायलं, मी पोळी खाल्ली" असं बोलत आलेलं असतं. तीन लिंगंही मराठीत आहेत. हिंदीत दोनच. म्हणजे शंभर गुणांच्या या अवघड विषयातला एक मोठा भाग आपल्या मुलाच्या तोंडात आधीच आहे.

ही स्थिती फक्त आपल्याकडेच नाही. सिंगापूरमध्ये माध्यमिक शाळेत 'हायर चायनीज' नावाचा वरच्या पातळीचा विषय असतो, आणि घरी इंग्रजी बोलणाऱ्या चिनी कुटुंबांतल्या मुलांना तो जड जातो. आजीची भाषा, पण परीक्षेत परकी. तिथल्या आईवडिलांपुढचा प्रश्नही आपल्यासारखाच: घरात जी भाषा पातळ झाली आहे, ती शाळेत दाट कशी होणार? उत्तरही तेच आहे. घरात जे उरलं आहे तिथूनच सुरुवात करायची.

रस्त्यावरच्या पाट्या वाचा

संधी आणि समास शिकायला गाईड लागत नाही. स्टेशनवरून घरी येईपर्यंत पाट्या मोजा. विद्यालय, ग्रंथालय, रुग्णालय: या सगळ्यांत 'आलय' कुठे आहे ते शोध म्हणावं. गणेशोत्सव म्हणजे गण, ईश आणि उत्सव, एका शब्दात दोन संधी. विद्यार्थी म्हणजे विद्या आणि अर्थी. डोंबिवलीतून सुरू झालेली गुढीपाडव्याची स्वागतयात्रा आता गावोगाव निघते. त्या एका शब्दात संधीही आहे (सु + आगत) आणि समासही (स्वागतासाठी यात्रा). समासांची हीच नावं मराठीच्या व्याकरणातही येतात, म्हणजे एका कष्टात दोन पेपर.

पण एक सावधगिरी हवी. ओळखीचा शब्द फसवतोही. दहावीच्या 'आमोदः' या पुस्तकात 'व्यसने मित्रपरीक्षा' असा पाठ आहे. मुलांना वाटतं दारू-तंबाखूची गोष्ट असेल. संस्कृतमध्ये व्यसन म्हणजे संकट. शिक्षा म्हणजे शिकणं, राग म्हणजे प्रेम किंवा ओढ, चेष्टा म्हणजे हालचाल, प्रयत्न. अशा शब्दांची 'फसवे मित्र' म्हणून वहीच्या शेवटच्या पानावर यादी करायला सांगा. मुलांना ही यादी वाढवायला मजा येते.

गाईडमधलं भाषांतर आधी झाका

क्लासमध्ये आणि गाईडमध्ये प्रत्येक पाठाचं तयार भाषांतर असतं. मूल ते पाठ करतं आणि आपल्याला वाटतं पाठ झाला. तपासायची सोपी रीत अशी. पाठाच्या मधलं एकच वाक्य घ्या, त्यातला एकच शब्द पेन्सिलने खुणावा आणि विचारा, "याचा अर्थ काय, आणि हे कशावरून?" सलग भाषांतर घडाघडा म्हणणारं मूल इथे गप्प होतं.

मग तिसरीच्या वर्गात करतो तसं करायचं. आधी क्रियापद शोध. त्याला विचार, कोण? कुणाला? कशाने? कुठे? संस्कृतमध्येच विचारा: कः? कम्? केन? कुत्र? उत्तर सापडलं की त्या शब्दाखाली आकडा घाल. आकड्यांच्या क्रमाने वाचलं की अन्वय झाला. श्लोकालाही हीच रीत. यासाठी तुम्हाला संस्कृत यावं लागत नाही. प्रश्न विचारणारं माणूस शेजारी बसलेलं असलं की पुरतं. रविवारी तीन तास बसवण्यापेक्षा रोज वीस मिनिटं द्या. आठ-साडेआठच्या लोकलने घरी येणारे बाबाही जेवणाआधी वीस मिनिटं काढू शकतात.

"आमच्यात कुणी संस्कृत शिकलं नाही"

आता खरा मुद्दा. त्या मुलाची आई पहिल्या दिवशी मला म्हणाली होती, "ताई, आमच्यात कुणी संस्कृत शिकलेलं नाही. त्याला झेपेल का हो? की ते तुमच्यासारख्यांचंच?" मुलगा दारात उभा होता. त्याने ऐकलं. चाचणीच्या सात गुणांपेक्षा मला ते वाक्य जास्त लागलं, कारण मुलाने रूपं न येण्याचं कारण तिथेच सापडल्यासारखं मान खाली घातली.

या वाक्याला आपल्याकडे मोठा इतिहास आहे. बाबासाहेब आंबेडकरांना शाळेत संस्कृत शिकायचं होतं. अस्पृश्य म्हणून ते नाकारलं गेलं आणि त्यांना फारसी घ्यावी लागली. पुढे त्यांनी स्वतःच्या कष्टाने संस्कृतचा अभ्यास केला. विदर्भातल्या कुमुद पावडे दलित कुटुंबातल्या. त्या संस्कृत शिकल्या, संस्कृतच्या प्राध्यापक झाल्या, आणि त्या वाटेवर काय काय ऐकावं लागलं ते त्यांनी 'अंतःस्फोट' या पुस्तकात लिहिलं. सोलापूर जिल्ह्यातून आलेले पंडित गुलाम दस्तगीर बिराजदार मुंबईत वरळीला राहायचे आणि संस्कृत पंडित म्हणून देशभर ओळखले जायचे. २०२१ साली ते गेले.

ही नावं मी त्या आईला सांगितली आणि मुलालाही. भाषण म्हणून नाही, माहिती म्हणून. आणि दुसरं हे सांगितलं की पाठांतराचा वारसा घरातून मिळतो हे खरं, पण परीक्षा वारशाची नसते. कर्मणि रचना त्याच्या आईच्या बोलण्यातही तितकीच आहे जितकी कुणा शास्त्रीबुवांच्या बोलण्यात. माझ्या शिक्षक मित्रांना म्हणूनच विनंती आहे: वर्गात "तुझ्या घरी श्लोक म्हणत असतील ना" असं कुणा एकाला विचारताना बाकीच्यांचे चेहरे बघा.

सोडायचं असेल तर

प्रत्येक मुलाने संपूर्ण संस्कृतच घ्यावं, असं माझं म्हणणं नाही. रोज वीस मिनिटं, दोन-तीन महिने मनापासून देऊनही मूल रडत अभ्यासाला बसत असेल, तर संयुक्त घेण्यात कमीपणा नाही. फक्त हा निर्णय एखाद्या चाचणीचे गुण हातात पडल्यावर रागाच्या भरात करू नका. शाळेत जाऊन विषयशिक्षकांशी बोला, मुलाला सोबत घेऊन बोला, आणि शक्यतो आठवीतच बोला. दहावीच्या तोंडावर विषय बदलायचा विचार करणं मुलावर अन्याय आहे.

शेजारचा मुलगा आता दहावीत आहे. सहामाहीत त्याला नव्वद नाही पडले, ६८ पडले. त्याची आई अजून अधूनमधून "पुढे जमेल ना?" विचारते. मी तिला त्याच्या वहीचं शेवटचं पान दाखवते. तिथे 'फसवे मित्र' चाळीसच्या वर गेले आहेत, आणि त्यातले निम्मे मला माहीत नव्हते.

तुमच्या घरी किंवा वर्गात असं मूल असेल, तर आज एवढंच करा. 'देव' शब्दाचा तक्ता आणि रंगीत पेन्सिल त्याच्यापुढे ठेवा, आणि वेगळी रूपं किती ते मोजायला सांगा. उत्तर सांगू नका.