माड न चढता मोजायचा कसा

पाऊस तोंडावर आलाय, म्हणून ही नोंद भाजीपाल्याची नाही, माडाची.

आमच्या ठाकुर्लीत शेत म्हणजे आता चार बाजूंनी इमारती, चाळी आणि मधे उरलेले वाफे. बांधावर एक जुना माड आहे. सोंड्या भुंग्याने तो खाल्ला. खोडाला भोकं, भोकांतून तपकिरी चिकट रस, आणि शेंड्याच्या झावळ्या एकेक करून गळून गेल्या. नारळ पाडणाऱ्या गड्याला बोलावलं. त्याने खोडावर दोन थापा मारल्या, आवाज ऐकला आणि म्हणाला, "दादूस, याव मी नाय चरणार. आतून पोकल हाय." त्याचं बरोबर होतं.

माड उत्तरेला कलला आहे. त्याच बाजूला बुंध्यापासून साडेदहा मीटरवर पत्र्याच्या खोल्या आहेत. तेव्हा प्रश्न एकच: पडला तर तिथवर पोचेल का? कोणी म्हणालं आठ मीटर असेल, कोणी म्हणालं पंधरा. अंदाजावर माणसं झोपवता येत नाहीत. म्हणून मोजला.

आधी शेंड्याच्या बरोबर खाली जमिनीवर कोणती जागा येते ती शोधली. गवंड्याचा ओळंबा हातात धरून लांबून दोन बाजूंनी बघायचं. दोन्हीकडून दोरी जिथे जमिनीला लागलेली दिसते ती जागा. तिथे खुंटी मारली. ती बुंध्यापासून 2 मीटर उत्तरेला निघाली. कललेल्या झाडाला ही खुंटी फार महत्त्वाची, कारण सगळी मापं तिथून घ्यायची, बुंध्यापासून नाही.

मग सावली. एक मीटरची काठी ओळंब्यात सरळ उभी केली. सकाळी पावणेदहाच्या सुमाराला काठीची सावली 80 सेंटीमीटर. त्याच मिनिटाला खुंटीपासून शेंड्याच्या सावलीच्या टोकापर्यंत टेप लावला: 9.6 मीटर. ऊन दोघांवर एकाच कोनातून पडतं, म्हणून दोन्ही काटकोन त्रिकोण सारख्या आकाराचे. 9.6 भागिले 0.8, म्हणजे 12 मीटर. जमीन सपाट पाहिजे. आणि आपल्याकडे मेच्या मध्यावर भर दुपारी हे करू नका. 16 मेच्या आसपास सूर्य डोक्यावर येतो, सावली पायाखाली जाते, मोजणार काय?

एकाच मापावर विसंबायचं नाही. चौकोनी कागद तिरका दुमडला की 45 अंशांचा कोन मिळतो. त्याची तिरकी कड डोळ्याला लावून, खालची कड आडवी ठेवून मागे मागे जायचं. शेंडा त्या कडेच्या रेषेत आला की थांबायचं. तिथून खुंटीपर्यंत 10.4 मीटर, डोळ्याची उंची 1.5. बेरीज 11.9. दोन्ही मापं जुळली. धोक्याच्या हिशेबात मोठा आकडा धरायचा, म्हणून 12.

पण झाड पडताना उंचीने पडत नाही, खोडाच्या लांबीने पडतं. 12 चा वर्ग 144, 2 चा वर्ग 4, बेरीज 148, वर्गमूळ साधारण 12.2. मुळापासून कलंडला तर शेंडा भिंत ओलांडून पावणेदोन मीटर आत जाणार.

मधेच मोडला तर? चाळीसगावजवळच्या पाटण्याशी ज्यांचं नाव जोडलं जातं त्या भास्कराचार्यांच्या 1150 च्या 'लीलावती'त असंच गणित आहे. 32 हात उंच वेळू वाऱ्याने मोडतो आणि टोक बुंध्यापासून 16 हातांवर टेकतं. कुठे मोडला? उत्तर 12 हातांवर. म्हणजे मधे मोडून लटकलेलं टोक पूर्ण लांबीइतकं दूर जात नाही. पूर्ण लांबीचं अंतर मोकळं सोडलं की ते दोन्हीला पुरतं. आमच्याकडे तेवढं मोकळं नाही, एवढंच.

संध्याकाळी पलीकडच्या मावशींना टेप धरून दाखवलं. "मावशी, घाबरवत नाही, पण या भिंतीलगत पोरांना झोपवू नका. वारा सुटला की पुढच्या खोलीत न्या." त्यांनी त्याच रात्री अंथरुणं हलवली.

झाड बुंध्यातून पाडणं शक्य नाही, वरून तुकडे करावे लागणार. लिफ्टच्या गाडीवाल्याचा पहिला प्रश्न: "उंची किती?" गाडी खुंटीपासून 5 मीटरवर उभी राहील. 5 आणि 12, म्हणजे तिरकस 13 मीटर पोच लागणार. आकडा सांगितल्यावर त्याने योग्य गाडीचाच भाव दिला. शहराच्या हद्दीत झाड वाळलेलं असलं तरी 1975 च्या झाडांच्या कायद्याप्रमाणे परवानगी लागते. अर्जासोबत मोजमापाचा कागद आणि फोटो जोडलेत.

तुमच्या बांधावर, अंगणात असा एखादा पोकळ माड असेल तर या रविवारी सकाळी काठी, टेप आणि ओळंबा घेऊन बाहेर पडा. अर्ध्या तासाचं काम आहे. आकडा आला की आधी सांगा त्यांना, जे त्याच्या पल्ल्यात झोपतात.