असून नसलेले नाव

शाळेत नाव घालणे म्हणजे पूर्वी हजेरीपटावर एक ओळ लिहिणे, एवढेच असे. विद्यार्थिमित्रहो, आपल्या ग्रंथालयाची देवघेव आता संगणकावर चालते आणि तेथे प्रत्येकाला प्रथम स्वतःचे खाते उघडावे लागते. ही व्यवस्था शाळेच्याच एका माजी विद्यार्थ्याने गुगलच्या 'फायरस्टोअर' या माहितीसाठ्यात बांधून दिली. मी कलाशाखेची पदवीधर. तरीही त्याच्या शेजारी बसून ती रचना समजून घेताना समास सोडविल्याचा आनंद मला झाला.

तेथे कोष्टके नसतात. 'कलेक्शन' म्हणजे संग्रह. संग्रहात 'डॉक्युमेंट', म्हणजे एकेकाचे नोंदपत्र. आणि त्या पत्राच्या पोटात पुन्हा उपसंग्रह. विद्यार्थ्याच्या पत्रावर नाव, इयत्ता, पालक. पोटातील 'पुस्तके' या उपसंग्रहात नेलेल्या प्रत्येक पुस्तकाची वेगळी नोंद. सगळी पुस्तके त्या एकाच पत्रावर का लिहू नयेत? एका पत्राला १०,४८,५७६ बाइटांची मर्यादा असते आणि देवनागरीचे एकेक चिन्ह ३ बाइट व्यापते. तुमचे वाचन ती मर्यादा ओलांडील अशी भीती नाही (ओलांडले तर पेढे मी वाटीन!). खरी अडचण निराळी. पत्र मागितले की ते सबंधच हाती येते. केवळ वर्गाची यादी हवी असता प्रत्येकाचा वाचनेतिहास कशाला वाहून आणावा? उपसंग्रह मागितल्यावाचून येत नाही.

खाते उघडताच दोन लेखने होत : एक नोंदपत्राचे, दुसरे उपसंग्रहातील पहिल्या नोंदीचे, म्हणजे शाळा प्रत्येकाला वापरायला देते त्या शब्दकोशाचे. ही दोन लेखने परस्परांपासून स्वतंत्र असतात. आईवाचून मूल कुठले, असे आपल्याला वाटते. परंतु येथे वरचे पत्र नसतानाही त्याच्या पोटातील नोंद नांदू शकते.

गेल्या जूनमध्ये आठवीतील एक मुलगी हलकेच म्हणाली, "टीचर, म्हजें नांव थंय ना." तिचे खाते उघडत होते, शब्दकोश तिच्या दप्तरात होता, पण वर्गाच्या यादीत ती नव्हती. तीन आठवडे तिने एकही पुस्तक मागितले नव्हते. यादीत आपण नाही, म्हणजे आपल्याला हक्क नाही, असा अर्थ तिने लावला होता. अशा वेळी मुले तक्रार करीत नाहीत. ती गप्प राहतात.

कारण सापडले. 'वडिलांचे नाव' ही जागा तिने रिकामी सोडली होती. ती आजीजवळ राहते. तेथे लिहिण्यासारखे तिच्यापाशी काही नव्हते. ती जागा रिकामी असल्यास पत्र स्वीकारू नये असा नियम होता, म्हणून पत्र नाकारले गेले. उपसंग्रहाचे नियम वेगळे लिहावे लागतात. वरचे नियम खाली आपोआप झिरपत नाहीत. तेथे वडिलांची चौकशी नव्हती, म्हणून शब्दकोशाची नोंद निमूटपणे झाली. व्यवस्थापकाच्या पडद्यावर तिच्या पत्राची खूण तिरप्या अक्षरांत दिसत होती. तिरपी अक्षरे म्हणजे पत्र अस्तित्वात नाही, केवळ त्याच्या पोटी काही आहे. यादी मागितली असता असे पत्र येत नाही.

त्या तरुणाने दोन्ही लेखने एका 'बॅच'मध्ये, म्हणजे एकाच गठ्ठ्यात बांधली. होतील तर दोन्ही, नाही तर एकही नाही. आणि नकार मिळालाच तर तो तत्काळ डोळ्यांसमोर येतो. खाते उघडणे हे मात्र निराळ्या यंत्रणेचे काम. ते या गठ्ठ्यात बसत नाही. म्हणून आता प्रत्येक प्रवेशाच्या वेळी पत्र आहे की नाही हे पाहिले जाते आणि नसल्यास नावनोंदणीचा अर्ज पुन्हा पुढे येतो. दुसरी दुरुस्ती मी सुचविली : 'वडिलांचे नाव' या जागी 'घरातील वडीलधाऱ्या माणसाचे नाव'. तिला काही मिनिटेच लागली, पण माझ्या मते मोल तिचेच अधिक. मुलीने तेथे आजीचे नाव लिहिले आणि त्याच दुपारी दोन पुस्तके नेली.

आता दहावीची मुले शाळा सोडतील. वरचे पत्र पुसले तरी पोटातील उपसंग्रह पुसला जात नाही. म्हणून आधी आतील नोंदी एकेक करून पुसावयाच्या, मग पत्र. ते काम अजून व्हायचे आहे. तोवर ज्यांच्याकडे शब्दकोश राहिला असेल, त्यांनी तो आणून द्यावा.