वयाचं आहे, चालायचंच?

आजीच्या मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर घरात सगळे खूश होते. ती चष्म्यातून पेपर वाचायची, तांदूळ निवडायची. पाचव्या आठवड्यात मात्र पेपर न वाचताच घडी होऊन टेबलावर दिसू लागला.

‘‘आजी, नीट दिसत नाही का?’’

‘‘वयाचं आहे गं, चालायचंच. बाबाला सांगू नकोस. एवढा खर्च केलाय त्याने.’’

दिसत नाही यापेक्षा मुलाचे पैसे वाया गेले, याचंच तिला जास्त वाईट वाटत होतं.

बाबा दुसऱ्याच दिवशी तिला डॉक्टरांकडे घेऊन गेले. ओसीटी स्कॅनमध्ये दिसलं, की लेन्स व्यवस्थित आहे, पण पडद्याच्या मधोमध पाण्याचे बारीक फुगे आहेत. वाचायला, सुई ओवायला आपण हाच भाग वापरतो. ऑपरेशन उत्तम झालं तरी आतल्या दाहामुळे बारीक रक्तवाहिन्यांतून पाणी झिरपून अशी सूज येऊ शकते. ती बहुधा चार ते सहा आठवड्यांनी जाणवते. मधुमेह असेल तर शक्यता जास्त, आणि आजीला मधुमेह आहे. या त्रासाला आयर्विन-गॅस सिंड्रोम म्हणतात. आयर्विन यांनी १९५३ मध्येच त्याचं वर्णन केलं होतं. म्हणजे दोष आजीचा नव्हता, खर्चही वाया गेला नव्हता.

उपचार म्हणून दोन प्रकारचे थेंब मिळाले : एक स्टिरॉइडचे, दुसरे स्टिरॉइड नसलेले, दाह कमी करणारे. दोन्हींमध्ये दहा मिनिटांचं अंतर. मी फ्रिजवर तक्ता चिकटवला, आजी त्यावर टिकमार्क करू लागली. स्टिरॉइडमुळे डोळ्यातला दाब वाढू शकतो, म्हणून तपासणी चुकवायची नाही आणि बरं वाटलं म्हणून थेंब मनाने बंद करायचे नाहीत. बहुतेकांची सूज काही आठवड्यांत किंवा महिन्यांत उतरते. नाहीच उतरली, तर इंजेक्शनचा पर्याय असतो.

तिसऱ्या महिन्यातल्या स्कॅनमध्ये आजीचे फुगे जवळपास गेले होते.

तुमच्या घरात कुणाचं ऑपरेशन झालं असेल, तर महिन्याभराने त्यांना एक-एक डोळा झाकून कॅलेंडर बघायला सांगा. चौकटी वाकड्या दिसतात का? मधलं अक्षर पुसट आहे का? तसं असेल तर लगेच डॉक्टरांना दाखवा. आणि हे आपणहून विचारा. खर्चाच्या काळजीने आपली मोठी माणसं गप्प बसतात.