कुत्र्याची लाळ : कोणती साधी, कोणती धोक्याची

कुत्र्याच्या तोंडाला लाळ दिसली की तो पिसाळला, असा समज आपल्या वस्त्यांत खोलवर रुजला आहे. कुत्रा चावून माणूस गेल्याचे ज्यांनी पाहिले, त्यांच्या भीतीला हसावे असे आम्हास वाटत नाही. पण आमच्या घरचा राजा तर बारा महिने लाळ गाळतो. तो ग्रेट डेन जातीचा. देवळाली कॅम्पातील एका ओळखीच्या कुटुंबाची बदली झाली, तेव्हा तो आमच्याकडे आला. भिंतीवर, पदरावर, पाहुण्यांच्या पँटवर, सगळीकडे त्याचे ठसे!

लाळ सर्वच कुत्र्यांना सुटते. गल्लीतल्या कुत्र्याचे ओठ जबड्याला घट्ट बसलेले असतात, म्हणून ती आत राहते व गिळली जाते. ग्रेट डेन, मॅस्टिफ, सेंट बर्नार्ड यांचे ओठ लोंबते. त्यांत लाळ साचते आणि डोके झटकले की उडते. अन्न दिसले की ती वाढते. रशियाचे शास्त्रज्ञ पावलोव्ह यांनी कुत्र्याच्या लाळेवरच मोठे प्रयोग केले. आमच्या राजाला भाकरीच्या डब्याचे झाकण वाजले तरी पुरते. ही लाळ पातळ असते, कुत्रा खातो-पितो, खेळतो. फडके घेऊन पुसावी, झाले.

एका एप्रिलात मात्र लाळ एकाएकी घट्ट झाली. तिला घाण वास येऊ लागला. राजा भाकरी हुंगून तोंड फिरवी, पंजाने गाल घाशी. आमचा थोरला जबडा उघडायला निघाला, त्याला आम्ही मागे ओढले. जनावरांच्या डॉक्टरांनी पहिला प्रश्न विचारला तो रेबीजच्या लसीचा. कार्ड पाहिल्यावर त्यांनी हातमोजे घातले, गुंगीचे इंजेक्शन दिले आणि मग तोंड उघडले. दाढांमध्ये हाडाचा तुकडा आडवा रुतला होता.

त्यांनीच आम्हास पुढचे सांगितले. नाशिकच्या उन्हाळ्यात पारा चाळिशीपलीकडे जातो. जोराची धाप, चिकट लाळ, लालभडक हिरड्या आणि झोकांड्या दिसल्या तर ते ऊन लागणे होय. सावलीत न्यावे, अंगावर पाणी ओतून पंखा लावावा व दवाखाना गाठावा. याहून वाईट म्हणजे जठराला पीळ पडणे. अरुंद, खोल छातीच्या मोठ्या कुत्र्यांना हे होते. पोट फुगते, उमाळे येतात पण बाहेर काही पडत नाही, लाळ वाहते. अशा वेळी सकाळची वाट पाहिली तर कुत्रा हातचा जातो.

आणि रेबीज. त्यात घशाला लकवा होऊन गिळता येत नाही, म्हणून लाळ गळते. जबडा लोंबतो, आवाज बदलतो, गरीब कुत्रा अंगावर येतो किंवा कोपऱ्यात दडतो. असा कुत्रा चावला, ओरखडला किंवा त्याची लाळ जखमेला लागली, तर वाहत्या पाण्याखाली साबणाने 15 मिनिटे धुवावे. हळद, मिरची, चुना काही लावू नये. त्याच दिवशी सरकारी दवाखान्यात जाऊन लस सुरू करावी व ठरलेले सर्व डोस पुरे करावेत. लक्षणे दिसू लागल्यावर माणूस सहसा वाचत नाही.

राजाचे लसीचे कार्ड आम्ही रेशनकार्डाच्या पिशवीतच ठेवतो, आणि पुढच्या डोसची तारीख कॅलेंडरवर लाल पेनाने लिहितो.